अंग खाली आलं होतं, सांगितलं नव्हतं

आमची खव्याची भट्टी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या ईट गावापासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव, गावाच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये तीन चुली आणि तीन मोठ्या कढया. सकाळी गावातल्या बाया दूध घालायला येतात आणि दूध मोजून होईपर्यंत जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतात. कुणाची सून रुसली, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, कुणाच्या नवऱ्यानं स्वतःला नवा मोबाईल घेऊन जुना बायकोच्या गळ्यात मारला. बाळंतपणाच्या कळा तर अशा रंगवून सांगतात की ऐकणारीच्या पोटात दुखावं. पण अंग बाहेर येतं, हे त्या शेडमध्ये वीस वर्षांत कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. न बोलणाऱ्यांत मीही होतेच.

म्हणून आधीच सरळ लिहून टाकते. माझं गर्भाशय जागेवरून खाली सरकलं होतं. आमच्याकडं त्याला अंग बाहेर येणं म्हणतात. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, तीन बाळंतपणं झाली आहेत, आणि दोन वर्षं हे दुखणं मी कुणाला न सांगता काढलं. आता बरी आहे. पूर्ण बरी म्हणत नाही, पण कढईजवळ बसते, हसते, शिंकते. शिंकते हे मुद्दाम लिहिलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

न्हाणीत

लग्नसराईचे दिवस होते. खव्याला मागणी, त्यामुळे तिन्ही चुली पहाटेपासून पेटलेल्या. दुधाचे भरलेले कॅन मीच उचलायची, कारण दुसऱ्याची वाट बघायचा माझा स्वभाव नाही. एका सकाळी आंघोळ करताना हाताला खाली काहीतरी मऊ लागलं, लिंबाएवढं. मी हात काढून घेतला आणि तशीच बसून राहिले. बादलीतलं पाणी गार झालं. डोक्यात एकच शब्द आला, गाठ. गाठ म्हणजे काय असतं ते आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी जेवून आडवी झाले आणि बघितलं तर काही नाही. मला हसूच आलं. संध्याकाळी शेडमधून घरी येईपर्यंत पुन्हा तेच, शिवाय कंबर भरून आलेली आणि ओटीपोटात ओढ. झोपलं की गायब, उभं राहिलं की हजर. गाठ अशी येत-जात नसणार, एवढं कळलं. मग दुसरं काय, ते विचारायचं कुणाला?

आमचे हे, बाळासाहेब, माणूस वाईट नाहीत. पण बायकांच्या दुखण्याचं नाव काढलं की त्यांना लगेच गाडीच्या टायरमधली हवा बघायची आठवण होते. मुलगी कॉलेजला, तिच्याजवळ काय बोलणार? राहिल्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्यांना मी एवढंच सांगितलं की कंबर लई भरून येते, पोट ओघळल्यासारखं वाटतं.

आत्या आत गेल्या आणि जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी फाडून घेऊन आल्या.

पट्टी

बाळंतिणीचं पोट बांधायची आमच्याकडं जुनी रीत आहे. लुगड्याची पट्टी कमरेभोवती तीन-चार वेढे आवळून बांधतात, म्हणजे पोट सुटत नाही म्हणतात. माझ्या तिसऱ्या बाळंतपणातही आत्यांनीच बांधली होती. तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. सव्वा महिना बसायचं सोडून मी अठराव्या दिवशी पट्टी बांधून कढईपुढं बसले होते, आणि मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान आता आठवला की स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्या वाटतात.

"हात वर कर," आत्या म्हणाल्या. माझ्या कमरेला गुडघा टेकवून त्यांनी पट्टी ओढली. "आवळून बांधलं की वर ऱ्हातं बघ."

काय वर राहतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी आत्या माझं पोट बांधायच्या. मी श्वास आत घ्यायची, त्या ओढायच्या. सैल वाटली तर भट्टीवर येऊन पुन्हा आवळून जायच्या. वीस वर्षांत त्यांनी मला जवळ घेतल्याचं आठवत नाही, पण त्या पट्टीच्या निमित्तानं रोज पाच मिनिटं त्यांचा हात माझ्या पाठीवर असायचा. मला ते आवडायचं, आणि त्यामुळं पट्टीनं फरक पडतोय असंही वाटायचं. फरक पडत होता, पण उलटा. लिंबाचा पेरू झाला.

मग मी माझे मार्ग शोधले. आत कापडाची घडी ठेवायची. हसायचं नाही, हसले की लघवी सुटायची. भट्टीच्या धुरानं खोकला यायचा, तो पदर तोंडात कोंबून दाबायचा. आणि पाणी प्यायचं नाही, म्हणजे सारखं जायला नको. चुलीच्या धगीत बसून दिवसभरात दोन पेले पाणी. लघवीला जळजळ सुरू झाली, ती उष्णतेनं असेल म्हणून सब्जा खाल्ला. मी माझं अंथरूण मुलीच्या खोलीत नेलं. ह्यांनी आठ-दहा दिवस वाट बघून विचारलं, "माझं काय चुकलं का?" मी म्हणाले, "खोकल्यानं तुमची झोप मोडते." त्यांना ते पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. खरं सांगायला माझी जीभ वळली नाही. त्या दोन वर्षांत आमच्यात जो अबोला साचला तो दुखण्यापेक्षा जड होता.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं. आत्या घराबाहेर कधीच पाणी पीत नसत. लग्नकार्यात कुणी तांब्या पुढं केला तर ओठ ओले करून परत द्यायच्या. मी नवी सून असताना ह्यांना हसून म्हणाले होते, "तुमची आई उंटीण आहे काय?" ह्यांनी सांगितलं, की ह्यांच्या पोरवयात आत्याच प्रवासात लघवीसाठी गाडी लई थांबवायला लावायच्या, एकदा तुळजापूरला जाताना जीप दोनदा थांबवली, तेव्हा हे सगळ्यांसमोर ओरडले होते, "घरूनच जाऊन यायला काय होतं तुला?" तेव्हापासून आत्यांनी घराबाहेर पाणी प्यायचं सोडलं. हे आम्ही दोघांनी गंमत म्हणून कितीदा तरी एकमेकांना सांगितलं आहे.

"काढून टाकू"

एका सकाळी कॅन उचलताना खोकला आला आणि सगळंच बाहेर आलं. नेहमीसारखं आत जाईना. मी कॅन सोडून खाली बसले, दूध शेडभर झालं. बाया धावल्या. आत्यांनी माझ्या तोंडाकडं एकदाच बघितलं आणि सगळ्यांना बाहेर घालवलं. "तुमी जावा बायांनो. तिला चक्कर आलीय." मग शेडचं दार लावून मला पोत्यावर आडवं केलं, पाय वर धरले, आणि म्हणाल्या, "घाबरू नगं. जाईल आत. दम सोड." आणि खरंच गेलं. त्यांना एवढं नेमकं कसं माहीत, हा विचार करायचं भान मला तेव्हा नव्हतं.

ह्यांनी गाडी काढली. आम्ही तिघं एका खाजगी दवाखान्यात गेलो. तपासणी दोन-तीन मिनिटांची. डॉक्टर माझ्याकडं न बघता ह्यांना म्हणाले, "पिशवी खाली आलीय. काढून टाकू. उद्या ॲडमिट करा."

खरं सांगते, मला बरं वाटलं. गाठ नव्हती. दुखण्याला नाव होतं. ह्यांनाही बरं वाटलं, कारण त्यांना दुखणं म्हणजे गाडीतला बिघाड, पार्ट काढला की काम झालं. पण दवाखान्याच्या पायरीवर आत्या आडव्या आल्या.

"न्हाय काढायची."

"आई, डॉक्टर सांगतेत अन् तू मधी काय?" हे म्हणाले.

"न्हाय म्हंजी न्हाय. पिशवी काढलेल्या बाया बघितल्यात म्या. पस्तिशीत म्हाताऱ्या झाल्या. हाय तसं जगता येतं."

माझं टाळकं सरकलं. दोन वर्षांचा राग होता, तो समोर दिसलेल्या माणसावर निघाला. मी म्हणाले, "आत्या, तुम्हाला काय कळतं ह्यातलं? जगून बघा अन् मग बोला."

त्या जाऊन गाडीत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पट्टी घेऊन आल्या, गुडघा टेकवला, वेढे घातले आणि माझ्या पाठीमागूनच म्हणाल्या, "मला कळतं, शोभे. माझं बी तसंच हाय. ही पट्टी म्या रोज बांधते. लुगड्याच्या आत कुणाला दिसतीया?"

मी वळायला गेले तर त्यांनी पट्टी ओढून धरली. बहुतेक मी तोंड बघू नये म्हणून. मी रडले. त्या नाही रडल्या. मला आधी लाज वाटली, मग राग आला, की बाई, दोन वर्षं रोज माझ्या पाठीशी उभी राहिलीस आणि एक शब्द बोलली नाहीस! आणि मग वाटलं, मी तरी कुठं बोलले?

काढून टाका हेही मला पटेना आणि तसंच जगा हेही पटेना. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना शेवटी मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऑपरेशन लागलं तर करूच ताई, पण धाराशिवला एकदा दाखवून मग ठरवा. एवढी कसली घाई?" हे वाक्य मला दोन वर्षांपूर्वी कुणी म्हणायला पाहिजे होतं. पण कुणी म्हणायला मी तरी कुणाला सांगितलं होतं?

धाराशिव

सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग, मग बाकावर बसणं, मग नाव पुकारलं की धडधड. तपासायच्या खोलीत पडदा तोकडा होता. झाडूवाल्या मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी न सांगता फडकं बाजूला ठेवलं आणि चादर धरून माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची अजून रुखरुख आहे.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. साडी बाजूला केली आणि थांबल्या. "हे काय?" पट्टी सोडायला लागल्या. एक वेढा, दुसरा, तिसरा. कमरेवर वळ उठले होते.

"हे कशासाठी बांधलंय, ताई?"

"वर राहावं म्हणून."

त्यांनी टेबलावरची पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची पिशवी उचलली, कुणाची तरी शेकायची असावी, आणि मधोमध मुठीत आवळली. पिशवीचा खालचा भाग टम्म फुगला. "वरून आवळलं तर आतलं कुठं जाणार? दोन वर्षं तुम्ही ते खाली ढकलताय. कुणी बांधली ही?"

आत्या माझ्या उशाशी उभ्या होत्या. मी म्हणाले, "मीच."

लघवीत जंतू झाले होते म्हणून मला तीन दिवस ठेवून घेतलं. वॉर्डात पहाटे पाचला दिवे लागायचे, सहाला चहा, आठला सलाईन, अकराला डॉक्टरांची फेरी, आणि मधल्या सगळ्या वेळात शेजारच्या खाटेवरच्या उमरग्याकडच्या मावशी. त्यांनाही हेच, त्यांचं ऑपरेशन झालेलं. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायच्या. आत्यांचं ऐकून ऑपरेशनला मी किती भ्याले होते ते सांगितल्यावर म्हणाल्या, "मी बी भ्याले की. आता बघ, मोकळी झाले. ज्याचं त्याचं दुखणं न्यारं, अव्वा." त्यामुळं कुणी हे वाचून ऑपरेशनला नाही म्हणू नये. ज्यांना लागतं त्यांना लागतंच. मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं, की आतल्या अंगाला धरून ठेवणारे स्नायू सैल झालेत. नुसती पिशवी काढली म्हणजे सैल झालेलं घट्ट होत नाही. आधी रिंग बसवून बघू, व्यायाम करा, खोकला आणि बद्धकोष्ठ घालवा, वजन उचलू नका, तीन महिन्यांनी या. पुढं ऑपरेशन लागलं तर तेव्हा नीट विचारानं करू. मग गर्भपिशवीच्या तोंडाचीही तपासणी केली. ती चांगली निघाली, तेव्हा माझ्या डोक्यातली गाठ सुटली.

अंगाला आतून वर धरणारी ही रिंग मऊ असते, हातातल्या बांगडीएवढी. बसवताना लाज वाटली, दुखलं थोडंच. खाटेवरून उतरून उभी राहिले आणि वाट बघत राहिले. काही खाली आलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा उभी असताना मी मोकळा श्वास घेतला.

त्या दुपारी व्हरांड्यात आत्यांनी विचारलं, "माझं नाव का न्हाय सांगितलंस?"

मी म्हणाले, "काय सांगायचं?"

"म्या तुझं वाईट केलं व्हय गं?"

त्यांच्या हातात पट्टीची गुंडाळी होती. मी म्हणाले, "आत्या, तुमी जे स्वतःला केलं तेच मला केलं." हे बोलल्यावर मला कळलं की आम्ही दोघी एकाच वेळी रडतोय. समोरून डबा घेऊन हे येत होते, ते बघून तसेच मागं फिरले, टायर बघायला असतील. मी मोठ्यानं हाक मारून त्यांना परत बोलावलं आणि बाकावर बसवून माझं सगळं सांगितलं, अंथरूण का हलवलं तेसुद्धा. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. डब्याचं झाकण लावत-काढत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्या समजत होतो तुला माझा कंटाळा आलाय." आत्यांचं मात्र मी सांगितलं नाही. ते माझं नव्हतं.

घरी

आता कॅन हे उचलतात, आणि अर्धे भरलेले. चुलीचा धूर बाहेर जायला पाईप बसवला. जमिनीवर उकिडवं बसण्याऐवजी उंच स्टूल आलं. व्यायाम म्हणजे लघवी रोखल्यासारखं आतून आवळायचं, दम न धरता, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. खवा हलवता हलवता करते, समोरच्याला पत्ता लागत नाही. एकदा ह्यांनी विचारलं, "काय पुटपुटतीस?" म्हटलं, "दहापर्यंत पाढे." पहिल्या महिन्यात काही फरक वाटला नाही आणि मी वैतागले. तिसऱ्या महिन्यात एक दिवस जोरात शिंकले आणि काहीच झालं नाही. शेडमध्ये एकटीच हसत सुटले.

आत्या पट्टी बांधायचं सोडत नव्हत्या. "माझं काय आता, लाकडं गेली मसणात," असं म्हणायच्या. तीन महिने मी त्यांच्या मागं लागले. शेवटी कबूल झाल्या, एका अटीवर, की बाळूला कळता कामा नये. ह्यांना सांगितलं, माझी तपासणी आहे आणि आत्या सोबतीला येतायत.

डॉक्टरीणबाईंनी आधी मला बघितलं, मग आत्यांना. जखम झाली होती, कापडाच्या घासण्यानं. म्हणाल्या, "आधी मलम लावून जखम भरू, मग रिंग की ऑपरेशन ते ठरवू. आजी, किती सोसलंत?" आत्या खाटेवरून उतरून लुगडं सारखं करत होत्या. बाई केसपेपर लिहायला लागल्या, आणि तेवढ्यात हे दारात आले. माझा जुना कागद गाडीत राहिला होता, तो घेऊन.

"आजी, हा त्रास किती दिवसांपासून आहे?"

मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी दाराकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील कालपासून, नाहीतर न्हायच म्हणतील काही. पण त्यांनी बोट ह्यांच्याकडं केलं आणि म्हणाल्या, "ह्याच्या येळंपासून. दोन दिस अडला होता ह्यो. पाचवी झाली अन् म्या आडावर पाण्याला गेले."

बाईंनी ह्यांना वय विचारलं. हे म्हणाले, "शेहेचाळीस." बाईंनी तो आकडा कागदावर लिहिला.

ह्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि बाहेर गेले. मला वाटलं, गेले टायर बघायला. आम्ही औषधं घेऊन गाडीशी आलो तर हे पाण्याची बाटली घेऊन उभे होते. आत्या पुढं बसल्या तशी त्यांनी टोपण काढून बाटली आईच्या हातात दिली.

"पी."

"नगं. लांब जायचंय."

"आई, पी. लागलं की सांग, थांबवतो." त्यांनी टोपण खिशात टाकलं. "कितीबी येळा सांग."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बाटली तोंडाला लावली आणि निम्मी संपवली. त्या दिवशी घरी येईपर्यंत गाडी तीनदा थांबली.